अठ्ठावीस दिवस, एक पायरी

दिवस १

चार सायकली, चार माणसं आणि डोंगराच्या कुशीतलं एक भाड्याचं घर. मागचं दार उघडलं की पाऊलवाट थेट जंगलात शिरते, एवढ्या एकाच कारणासाठी हे घर घेतलं. अठ्ठावीस दिवस राहायचं. तीन आठवडे भार वाढवत न्यायचा, चौथ्यात कमी करायचा आणि शेवटच्या दिवशी एक लांबलचक राइड : ७० किलोमीटर, त्यात २,००० मीटर चढ. कागदावर सगळं सोपं दिसतं.

माणसं अशी. मिस्त्री, कारण त्याच्या पाठपिशवीत कायम अर्धं गॅरेज असतं. धाकटा, वय २६, चढ दिसला की याला उधाण येतं. ताई, वय ४६, वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणारी; दम अफाट, पण मातीवर सायकल तिने आजवर दोनदाच चालवलेली. आणि मी, वय ४१. या महिन्याचा बेत आखायची हौस मलाच होती, त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचं खापर माझ्यावरच फुटत राहिलं.

आल्या आल्या सुटायचं होतं, पण मिस्त्रीने दार अडवलं. आधी सायकली जुळवायच्या. माणूस बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं त्याला सॅग म्हणतात; पुढे फोर्कला साधारण २० ते २५ टक्के, मागे शॉकला २५ ते ३० टक्के. माझा मागचा शॉक जेमतेम दहा टक्के दबत होता. म्हणजे इतके दिवस मी महागडी, मागेपुढे धक्के झेलणारी सायकल घेऊन लाकडी फळीवर बसल्यासारखा फिरत होतो. टायरचीही तीच गत. ट्यूब असलेले टायर, आणि हवा ४० पीएसआय. "डांबरी रस्त्यावर चाललायस का?" असं म्हणून त्याने ट्यूबा काढल्या, आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, ओतलं आणि पुढे २१, मागे २४ वर आणलं. कमी हवेचा टायर दगडावर आदळून उडत नाही, त्याच्यावर बसतो. ट्यूब असताना इतकी कमी हवा ठेवली तर दगड आणि रिम यांच्या चिमट्यात ट्यूब सापडते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसली की चिमटा कशाला बसणार?

अंधार पडेपर्यंत हेच चाललं. सायकल एक मीटरही पुढे गेली नाही.

दिवस २

आज मोजमाप. ९ किलोमीटरची, ६२० मीटर चढणारी एक वाट नक्की केली; महिन्याच्या शेवटी पुन्हा हीच चढायची. अट एकच : बोलता बोलता चढायचं. पूर्ण वाक्य बोलता येईना झालं की समजायचं, जोर जास्त लागतोय. ज्यांच्याकडे छातीचा पट्टा आहे त्यांनी हृदयाचे ठोकेही पाहायचे.

ठोक्यांच्या सूत्रांची इथेच गंमत कळली. जुनं सूत्र सांगतं, कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, माझे १७९. तनाका या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुधारित सूत्र मांडलं : २०८ वजा वयाच्या ०.७ पट. तेही माझ्यासाठी १७९ च देतं, कारण ही दोन सूत्रं चाळिशीला एकमेकांना छेदतात. दोन्हीकडून तोच आकडा आल्यावर मी निर्धास्त. प्रत्यक्षात गेल्या वर्षी एका चढावर मी स्वतः १८८ पाहिले आहेत. सूत्र सरासरी माणसाचं असतं, आणि तो सरासरी माणूस मला अजून भेटलेला नाही. मी १४० ची मर्यादा ठेवली.

१४० ठोक्यांवर चढणं म्हणजे अपमान आहे. सगळ्यात हलका गिअर, पुढे ३२ दाते, मागे ५१. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. फुलपाखरं पुढे गेली. धाकट्याने पहिल्या वळणापर्यंत अट पाळली आणि मग तो दिसेनासा झाला. ताई मात्र गप्पा मारत, त्याच संथ लयीत, माझ्यापेक्षा थोडी पुढेच. मला १ तास ३२ मिनिटं लागली. माथ्यावर धाकटा हेल्मेट उशाला घेऊन झोपलेला.

उतरताना ती पायरी भेटली. वाटेत आडवे दोन मोठे कातळ, वरून खाली गुडघाभर उंचीची उडी, आणि खाली लगेच मुळांवरून डावीकडे वळण. मिस्त्री आणि धाकटा सरळ उतरून गेले. मी वर थांबलो, खाली पाहिलं, मागे गेलो, पुन्हा आलो, पुन्हा थांबलो. शेवटी दोघंही, मी आणि ताई, सायकली हातात धरून उतरलो. ताईला त्याचं काहीच वाटलं नाही. मला दिवसभर वाटत राहिलं.

दिवस ३ ते ५

सकाळी हळू राइड, दुपारी घरामागच्या सपाट जागेवर शाळा. मास्तर मिस्त्री. दोन्ही पायडल एका पातळीत, सीटवरून उठलेलं, कोपरं बाहेर, कंबर मागे घेऊन गुडघे सैल. सगळं वजन पायांवर, हातांवर जवळजवळ काही नाही. ब्रेकवर एकच बोट. बाकीची बोटं हँडल धरायला. आणि नजर लांब. चाकासमोरच्या दगडाकडे पाहिलं की चाक नेमकं त्याच दगडावर जातं, हा नियम गुरुत्वाकर्षणाइतकाच पक्का आहे.

ताईची अडचण उलटीच होती. दम इतका की ती काहीही चढेल, पण उतारावर ती हँडल असं आवळायची की खाली येईपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हातांचा दगड. "नजर लांब ठेव, ताई," मिस्त्री दर दहा मीटरला ओरडायचा. "लांब म्हणजे कुठे?" "जिथे पोचायचंय तिथे." "मला घरी पोचायचंय."

रात्री मिस्त्रीने रीपॅकची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही मंडळी जुन्यापुराण्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. वाट साधारण ३.४ किलोमीटरची, उतार ४०० मीटरचा. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पायडल उलटं दाबून लावायचा. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय सायकल चालवण्याच्या लायकीची राहत नसे. म्हणून वाटेचं नावच रीपॅक, पुन्हा भरा. गॅरी फिशरने ती ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरल्याचा विक्रम आहे. पुढे वीस वर्षांत डोंगरी सायकलचा हा खेळ १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला. त्या रीपॅकवाल्यांकडे सस्पेन्शन नाही, डिस्क ब्रेक नाही, आणि मी गुडघाभर पायरीपुढे उभा राहून विचार करतोय.

दिवस ६

विश्रांती. कपडे धुतले. धाकटा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गुपचूप दोन तास चढून आला, आणि त्याला वाटतंय आम्हाला कळलं नाही.

दिवस ८

आज माझी हवा गेली. टायरची नाही, माझीच.

पाच तासांची राइड, तीही हळू, असा माझाच बेत. पण सकाळी कोवळ्या उन्हात पाय हलके वाटले आणि मी धाकट्याच्या मागच्या चाकाला चिकटलो. ठोके १६० च्या वर. बोलणं बंद. छान वाटत होतं, त्यामुळे खायचंही सुचलं नाही; दोन केळी पिशवीत तशीच. सव्वातीन तासांनी, अगदी किरकोळ चढावर, कुणीतरी पाठीमागून बटण बंद केल्यासारखे पाय थांबले. हात थरथरायला लागले, कपाळाला गार घाम, आणि मनात एकच विचार : इथेच या झाडाखाली पडावं आणि यांनी पुढे जावं. ताईने न विचारता दोन्ही केळी सोलून हातात दिली, वर साखरेचं पाणी पाजलं. वीस मिनिटांनी मी पुन्हा माणसात आलो.

शरीराचा हिशोब साधा आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे २,००० किलोकॅलरीच्या आसपास. चरबीत सडपातळ माणसाकडेही याच्या कितीतरी पट साठा असतो, पण तो हळूहळूच जळतो. हळू चालवलं की शरीर चरबीचा वाटा वाढवतं आणि ग्लायकोजेन पुरवून वापरतं. जोर लावला की ग्लायकोजेनची उधळपट्टी. सकाळी तीन तास मी उधळपट्टीच केली आणि भर काही घातली नाही. 'हळू' हा शब्द माझ्याच हाताने कागदावर सहा वेळा लिहिलेला होता.

तेव्हापासून घड्याळात दर वीस मिनिटांनी घंटा. आतडं एकट्या ग्लुकोजचे तासाला साधारण ६० ग्रॅमच रक्तात सोडू शकतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही एकत्र दिले तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. आणि घरातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोजच. ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, थोडं लिंबू. रंगीत पाकिटांवर मी आजवर उडवलेल्या पैशांबद्दल इथे बोलत नाही.

दिवस ९, १०

पाऊस. ओल्या वाटेवर सायकल घातली की चाकांचे चर पडतात, त्यातून पुढचं पाणी वाहतं आणि वाटेचा ओढा होतो. म्हणून घरात बसलो. बैठका, प्लँक, पाठीचे व्यायाम. धाकटा खिडकीशी उभा राहून पिंजऱ्यातल्या वाघासारखा बाहेर बघत होता.

दिवस १२

वाट सुकली. घरापासून १८ किलोमीटरवर धाकट्याने दोन दगडांच्या मधून जोरात घुसायला पाहिलं आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, दगडाला अडकला. कडकन आवाज. हँगर मोडला. हँगर हा डिरेलर आणि सायकलचा सांगाडा यांच्या मधला अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दामच कमकुवत करतात, म्हणजे मार बसला तर हा मोडावा, सांगाडा वाचावा. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळ्या आकाराचा. धाकट्याने जादा आणला होता. घरी ठेवला होता.

मिस्त्रीचा चेहरा उजळला. असल्या क्षणांसाठीच तो अर्धं गॅरेज वाहतो. डिरेलर सोडवून पिशवीत टाकला, चेन तोडली, मागच्या मधल्या चकतीवर सरळ रेषेत बसेल इतकी आखूड केली आणि जोडकडीने पुन्हा जोडली. एकाच गिअरची सायकल तयार. हे जमलं ते धाकट्याची सायकल हार्डटेल, म्हणजे मागे शॉक नसलेली, आहे म्हणून. माझ्यासारखा मागे शॉक असता तर प्रत्येक खड्ड्यात चेनची लागणारी लांबी बदलली असती आणि ती एक तर ताणून तुटली असती, नाहीतर सुटली असती.

तो एक गिअर धाकट्याला चढाला जड आणि सपाटीला हलका पडला. चढावर तो उतरून चालला, सपाटीवर पाय भिरभिर फिरवूनही आमच्या मागे राहिला. बाराव्या दिवशी पहिल्यांदा आम्ही चौघं एकत्र, एकाच वेगाने घरी आलो. तेवढ्या गप्पा संपूर्ण महिन्यात झाल्या नसतील. हँगर आणखी एक-दोनदा मोडायला हरकत नव्हती.

दिवस १५

सहा तास. ताईचा दिवस. पाचव्या तासाला आम्ही तिघं गप्प आणि ती गुणगुणत होती. तिने पाण्याबद्दल एक गोष्ट सांगितली ती नोंदवून ठेवतो, कारण मी आतापर्यंत उलटंच करत आलो. तहान नसताना घटाघटा पाणी पीत राहणं हेही धोक्याचं. रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. तहान लागली की प्यावं, हा तिचा नियम. पायरीपाशी ती नेहमीप्रमाणे उतरली, सायकल हातात धरून खाली आली, आणि पुन्हा बसून गुणगुणायला लागली. मी दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ऐनवेळी ब्रेक दाबला.

दिवस १७, १८

तिसरा आठवडा सगळ्यात जड, आणि तो जड असणार हे ठाऊक असूनही आम्ही सगळे एकदम घसरलो. सकाळी उठल्यावर माझे ठोके नेहमी ५४ असतात. सतराव्या दिवशी ६१. चढावर मात्र उलटं : मांड्या पेटल्या तरी ठोके १४८ च्या वर जाईनात. थकवा साचला की असं होतं. हे मी वाचलेलं होतं. तरीही पहिला विचार आला तो हा की पट्ट्याची बॅटरी संपली असावी. बॅटरी बदललीसुद्धा.

संध्याकाळी भांडण झालं. निमित्त भांड्यांचं. कढई कुणी घासायची यावरून मिस्त्री आणि धाकटा यांची जुंपली, मग मी मध्यस्थी करायला गेलो आणि बेतच कसा चुकीचा आहे याचा पाढा दोघांनी मिळून मला वाचून दाखवला. धाकट्याचं म्हणणं, हळू हळू करून आम्ही गोगलगायी झालोय. मी स्टीफन सायलरचं नाव काढलं. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी पाहून या अभ्यासकाने दाखवलं की त्यांचं सुमारे ८० टक्के प्रशिक्षण सोप्या जोराचंच असतं. धाकटा म्हणाला, "मग सायलरलाच सांग कढई घासायला." ताई तोवर आठ वाजताच झोपून गेलेली.

अठराव्या दिवशी मी कागदावर काट मारली. कुणी सायकलला हात लावला नाही. दुपारी मी तीन तास झोपलो. उठलो तेव्हा कढई लख्ख घासलेली दिसली. कुणी घासली ते कुणीच सांगितलं नाही.

दिवस १९ ते २१

पुन्हा सुरुवात, बेतापेक्षा थोडं कमी. अरुंद वाटेवर समोरून चढणारे दोघं भेटले, आम्ही बाजूला झालो. चढणाऱ्याचा हक्क पहिला, कारण एकदा थांबला की त्याला पुन्हा सुरू करणं अवघड. त्यांनी आभार मानले नाहीत. मानायला श्वास नव्हता.

दिवस २२ ते २६

आरामाचा आठवडा. रोज तास-दीड तास, मधे दोन-चार छोटे झपाटे, बास. पाय हलके होतात तसं मन अस्वस्थ होतं. काहीतरी हातातून निसटतंय असं वाटत राहतं. मिस्त्रीने सगळ्यांच्या चेनवर मापपट्टी लावली, माझी ०.५ टक्के ताणली गेलेली, म्हणजे बदलायला झाली. ताई सपाट जागेवर एकटीच एका ओंडक्यावरून सायकल उतरवत बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "सहज."

दिवस २७

तीच ९ किलोमीटरची वाट, तेच १४० ठोके. १ तास २६ मिनिटं. सहा मिनिटांचा फरक. यातलं किती पायांचं आणि किती इतर कशाचं, ते सांगता येणार नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, एकेका ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढेच ठोके आता जास्त पुढे नेतात. पेशींतले खरे बदल त्याहून सावकाश होतात. वर पोचलो तेव्हा धाकटा झोपलेला नव्हता. तो माझ्या मागून आला. पूर्ण चढ बोलत बोलत, ताईबरोबर. "कंटाळा आला," एवढंच म्हणाला.

दिवस २८

पहाटे निघायचं ठरलं, निघालो आठला. मिस्त्रीच्याच मागच्या चाकातली हवा रात्रीत उतरली होती; सीलंट सुकलेलं. इतरांच्या सायकली बघता बघता स्वतःची राहिली. कुणी काही बोललं नाही, पण तिघंही हसत होतो.

पहिले तीन तास हळू. खरंच हळू. घंटा वाजली की खायचं, भूक असो वा नसो. उकडलेले बटाटे आणि मीठ साखरेच्या पाण्यानंतर पंचपक्वान्नांसारखे लागतात. चाळिसाव्या किलोमीटरला सायकल खांद्यावर घेऊन अर्धा तास दगडांतून चालावं लागलं. पन्नासाव्याला माझ्या डाव्या पोटरीत वांब आला, उतरून ताण दिला, गेला. साठाव्याला धाकटा पुढे निघून गेला आणि कुणी त्याला अडवलं नाही. त्याने दिवसभर बरंच सोसलं होतं. चढ २,००० मीटर पुरा झाला तेव्हा ऊन कलतं झालेलं.

शेवटचा उतार तोच, ओळखीचा. झाडीत उजेड कमी झालेला, सगळ्यांनी दिवे लावले. मिस्त्री पुढे, त्याच्या मागे ताई, शेवटी मी. दिव्याच्या झोतात पुढचे पाच-सहा मीटरच दिसत होते आणि ताईचा मागचा लाल ठिपका वळणावळणाने खाली जात होता. मग तो ठिपका एकदम खाली गेला, एकदा उसळला, डावीकडे वळला आणि तसाच पुढे निघाला.

मी कातळाच्या कडेशी ब्रेक दाबून उभा. खाली दिवा मारला. दोन आडवे दगड, गुडघाभर उंची, मुळं. उतरलो आणि सायकल हातात धरून हळूहळू खाली आलो.

वळणापलीकडे मिस्त्री आणि ताई थांबलेले. ताई दिवा मागेपुढे फिरवत वाट बघत होती.

"ती पायरी कधी येणार रे?" तिने विचारलं. "आधी सांग हं, मला उतरायचंय."